परत, पण कोठें? : सी भाषेंतील फंक्शनचा पूर्वेतिहास

आम्ही गेलीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस सी ही संगणकाची भाषा शिकवीत आलों आहों. ह्या विषयांत ‘फंक्शन’ नांवाचें एक प्रकरण येतें. ‘विवक्षित काम करणाऱ्या आज्ञांचा नांव दिलेला संच म्हणजे फंक्शन होय,’ ही त्याची व्याख्या आम्हीं अनेक वेळां सांगितली, विद्यार्थ्यांनीं ती तितक्याच वेळां उतरून घेतली, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ती जशीच्या तशी आमच्यापुढें परत आली. व्याख्येंत चूक कांहीं नाहीं. परंतु तिनें कोणाचें समाधान झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गेल्या वर्षीं शेवटच्या बाकावरील एका मुलीनें उभें राहून विचारलें, “सर, फंक्शनच्या शेवटीं ‘रिटर्न’ लिहावयाचें असें तुम्हीं सांगितलेंत. रिटर्न म्हणजे परत जा. पण परत कोठें? तें तर आपण कोठेंच लिहीत नाहीं.” “जेथून बोलाविलें तेथें,” असें उत्तर आम्हीं दिलें. त्यावर ती म्हणाली, “तें फंक्शनला कसें कळतें?” इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली आणि तिनें आमची लाज राखली.

ह्या प्रश्नाचें शास्त्रीय उत्तर आम्हांस येत नव्हतें असें नव्हे. ‘पत्ता स्टॅकवर ठेवलेला असतो,’ हें वाक्य आम्हीं सहज उच्चारलें असतें. परंतु एका न समजलेल्या शब्दाच्या जागीं दुसरा न समजलेला शब्द ठेवणें ह्यास कोणी उत्तर म्हणणार नाहीं. घरीं येऊन आम्हीं जुनीं पुस्तकें काढून बसलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न त्या एका मुलीचा नाहीं. ज्यांनीं पहिलीं संगणकयंत्रें चालविलीं त्या थोर थोर गणितज्ञांपुढेंहि नेमका हाच प्रश्न उभा होता, आणि तो सुटल्यावांचून फंक्शन ही वस्तूच जन्मास येणें शक्य नव्हतें.

प्रथम एक घरगुती दृष्टांत घेऊं. आरत्यांच्या पुस्तकांत ध्रुवपद एकदांच पूर्ण छापलेलें असतें. पुढें प्रत्येक कडव्याच्या शेवटीं त्याचे आरंभींचे एकदोन शब्द तेवढे देतात. त्या खुणेवरून गाणारा मागें जाऊन ध्रुवपद म्हणतो व मग पुढील कडव्यास लागतो. ह्यांत दोन लाभ आहेत. कागद वाचतो हा एक. आणि ध्रुवपदांत छपाईची चूक राहिली असेल तर ती एकाच ठिकाणीं सुधारली म्हणजे भागतें, हा दुसरा. फंक्शनचेहि मुख्य लाभ हेच. परंतु येथें एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरतों. ध्रुवपद संपल्यावर दुसऱ्या कडव्याकडे जावयाचें कीं चवथ्या, हें ध्रुवपदांत लिहिलेलें नसतें. तें गाणाराच्या ध्यानांत असतें. यंत्रास असें ध्यान नाहीं. एका आज्ञेनंतर तिच्या पुढची आज्ञा, एवढेंच त्यास ठाऊक. अन्यत्र जावयाचें असल्यास तेथला पत्ता आज्ञेंतच लिहून द्यावा लागतो. मग ध्रुवपदाच्या शेवटीं पत्ता कोणत्या कडव्याचा लिहावा? दुसऱ्याचा लिहिला, तर दुसरें कडवें संपवून ध्रुवपदाकडे आलेलें यंत्र पुन्हां दुसऱ्याकडेच जाईल, आणि आरती जन्मांत संपणार नाहीं!

ह्या अडचणीमुळें आरंभींचे लोक ध्रुवपद प्रत्येक वेळीं नव्यानें लिहूनच काढीत. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क वन ह्या यंत्रावर ग्रेस हॉपर ह्या विदुषी १९४४ सालीं रुजू झाल्या. त्या मूळच्या गणिताच्या अध्यापिका. तेथें काम करणारी मंडळी उपयोगीं पडणारे आज्ञांचे तुकडे आपापल्या वह्यांत टिपून ठेवीत आणि गरज लागली म्हणजे एकमेकांच्या वहींतून उतरून घेत. असा तुकडा नव्या आज्ञावलींत बसवितांना त्यांतील पत्त्यांच्या अंकांत प्रत्येक वेळीं बेरीज करावी लागे. नक्कल करणें आणि बेरीज करणें ह्या दोन्ही कामांत मनुष्य फार चुकतो, असा अनुभव हॉपरबाईंनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केला आहे. १९५२ सालीं त्यांनीं ए-झीरो नांवाचा जो पहिला ‘कंपायलर’ तयार केला, त्याचें काम मुख्यतः हेंच होतें कीं, असे तुकडे एकत्र जुळविण्याचें मनुष्याकडून चुकणारें काम यंत्राकडे सोंपवावें.

तथापि आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें पहिलें नांव घेण्याजोगें उत्तर इंग्लंडांत केंब्रिज येथें मिळालें. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं तेथें एडसॅक नांवाचें यंत्र बांधलें गेलें आणि ६ मे १९४९ रोजीं त्यानें आपली पहिली आज्ञावली चालविली. विल्क्स यांनीं ह्याच वर्षाची एक आठवण लिहून ठेवली आहे. यंत्राच्या खोलींतून कागदी पट्टीवर भोंकें पाडण्याच्या खोलीकडे जातांना जिन्याच्या वळणावर त्यांस एकाएकीं असें उमगलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आतां स्वतःच्याच चुका शोधण्यांत जाणार आहे. आज्ञावली लिहिणें सोपें असेल ह्या समजुतीचा तो शेवट होता. ज्या तुकड्याची एकदां परीक्षा झाली आहे तो तसाच्या तसा पुन्हां वापरतां यावा, ही निकड ह्या अनुभवांतून उत्पन्न झाली.

विल्क्स यांच्या हाताखालीं डेव्हिड व्हीलर नांवाचा एक तरुण विद्यार्थी होता. परत जाण्याच्या प्रश्नावर त्यानें काढलेली युक्ति आजहि त्याच्याच नांवानें ‘व्हीलर जंप’ म्हणून ओळखली जाते. एडसॅकमध्यें आज्ञा आणि संख्या एकाच स्मृतिकोशांत ठेवलेल्या असत. अर्थात् संख्येप्रमाणें आज्ञेवरहि बेरीज-वजाबाकी करतां येत असे. व्हीलरनें असें ठरविलें कीं, मूळ आज्ञावलीनें सबरूटीनकडे (त्या वेळीं फंक्शनला हेंच नांव होतें) जाण्यापूर्वीं आपण स्वतः कोठें आहों त्याची नोंद यंत्राच्या बेरजेच्या जागेंत घेऊन जावी. सबरूटीननें इतर कशासहि हात लावण्याआधीं त्या नोंदींत एक ठराविक अंक मिळवावा. त्या बेरजेंतून ‘अमुक ठिकाणीं जा’ अशी आज्ञाच तयार होत असे. ती आज्ञा सबरूटीननें आपल्याच शेवटच्या ओळींत लिहून ठेवावी, आणि मग कामास लागावें. म्हणजे पाहुण्यानें घरांत पाऊल टाकतांच परतीच्या वाटेची चिठ्ठी दाराला लावून ठेवावी, तसा हा प्रकार. शेवटची ओळ आली कीं यंत्र आपोआप बोलाविणाराकडे परत जाई. आणि बोलाविणारा प्रत्येक वेळीं निराळा असला तरी बिघडत नसे.

ही युक्ति साधतांच केंब्रिज येथें सबरूटीनांचा एक संग्रह उभा राहूं लागला. छिद्रें पाडलेल्या कागदी पट्ट्या पोलादी कपाटांत ठेवलेल्या असत; ज्यास वर्गमूळ काढावयाचें असेल त्यानें ती पट्टी काढून तिची यांत्रिक प्रत आपल्या पट्टींत उतरून घ्यावी. १९५१ पर्यंत अशा सबरूटीनांची संख्या ८७ झाली होती, आणि त्याच वर्षीं विल्क्स, व्हीलर व गिल ह्या तिघांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु आम्हांस त्याहूनहि महत्त्वाचें वाटलें तें व्हीलरनें १९५२ सालीं एका परिषदेपुढें केलेलें विवेचन. सबरूटीन लिहून तें तपासलें म्हणजे काम संपत नाहीं, असें त्याचें सांगणें. तें आंत कसें चालतें हें ज्यास ठाऊक नाहीं अशा माणसासहि वापरतां येईल असें त्याचें वर्णन लिहावें लागतें, आणि हेंच कदाचित् सर्वांत कठीण काम असतें. फंक्शन हा केवळ श्रम वांचविण्याचा उपाय नसून दोन माणसांमधील करार आहे, ही गोष्ट इतक्या लवकर त्याच्या ध्यानांत आली होती. हा करार आणि ती परतीची वाट, ह्या दोन धाग्यांवरच पुढील सर्व इतिहास विणला गेला आहे.

व्हीलरच्या युक्तींत एक उणीव होती. चिठ्ठी लावण्यास दार एकच. सबरूटीन चालू असतांना त्यानें स्वतःसच पुन्हां बोलाविलें, तर दुसरी चिठ्ठी पहिलीवर डकविली जाई आणि पहिली वाट कायमची हरवे. पांचाचें क्रमगुणित म्हणजे पांच गुणिले चाराचें क्रमगुणित, चाराचें म्हणजे चार गुणिले तिनाचें, अशी जी स्वतःकडेच परतून येणारी व्याख्या गणितांत नित्य आढळते, ती ह्या पद्धतीनें यंत्रास सांगतां येत नसे. १९५७ सालीं निघालेल्या फोर्ट्रान भाषेच्या १९५८ मधील दुसऱ्या आवृत्तींत फंक्शन, सबरूटीन, कॉल आणि रिटर्न हे शब्द आले खरे; पण स्वतःस बोलाविण्याची सोय तींतहि नव्हती.

उपाय मात्र कल्पनेंत फार आधीं सुचलेला होता. १९४६ सालीं ॲलन ट्यूरिंग यांनीं आपल्या नियोजित यंत्राचा जो आराखडा सादर केला, त्यांत परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवण्याची योजना आहे. ह्या दोन क्रियांस त्यांनीं दिलेल्या नांवांचा अर्थ ‘पुरणें’ आणि ‘उकरून काढणें’ असा होतो. पंगतीच्या घरीं ताटांची चळत असते. शेवटीं ठेवलेलें ताट प्रथम उचललें जातें. पत्त्यांचेंहि तसेंच करावयाचें. बोलाविणारानें आपला पत्ता चळतीवर ठेवून जावें. परतणारानें सर्वांत वरचा पत्ता उचलून त्या वाटेस लागावें. मग एकाच फंक्शननें स्वतःस पांच वेळां बोलाविलें तरी पांच पत्ते एकावर एक रचले जातात आणि उलट क्रमानें बिनचूक उचलले जातात. ‘स्टॅक’ म्हणून ज्या शब्दाचा आम्ही वर्गांत धाक घालतों तो एवढाच. १९६० सालच्या अल्गोल भाषेनें स्वतःस बोलाविण्याची मोकळीक दिली, आणि डाइक्स्ट्रा प्रभृति विद्वानांनीं ह्या चळतीची उपपत्ति त्याच सुमारास पूर्णत्वास नेली.

सी भाषेचा जन्म ह्या पार्श्वभूमीवर झाला. केंब्रिज व लंडन येथील विद्वानांच्या सीपीएल भाषेपासून मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल (१९६७), तिच्यापासून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांची बी, आणि बी पासून १९७१ ते १९७३ च्या दरम्यान डेनिस रिची यांची सी, अशी ही वंशावळी आहे. पीडीपी-११ ह्या ज्या यंत्रावर सी वाढली त्याच्या रचनेंतच चळतीची सोय होती. १९७३ सालीं युनिक्सचा गाभा सी मध्यें पुन्हां लिहिला गेला आणि १९७८ सालीं कर्निगन व रिची यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें.

सी मध्यें फंक्शनला जें स्थान मिळालें तें आधींच्या पुष्कळ भाषांत नव्हतें. आज्ञावलीचा जेथून आरंभ होतो तें ‘मेन’ स्वतः एक फंक्शनच आहे. पडद्यावर अक्षरें उमटविण्यासाठीं इतर भाषांत स्वतंत्र वाक्यप्रकार असे. सी मध्यें तें काम ‘प्रिंटएफ’ नांवाच्या, कोणासहि लिहितां येईल अशा फंक्शनकडे सोंपविलें. एका फंक्शनच्या पोटांत दुसरें लिहावयाचें नाहीं; सर्वांनीं एकाच पंक्तीस बसावें. बेल प्रयोगशाळेंतील स्टीव्ह जॉन्सन यांनीं एक गमतीची हकीकत सांगितली आहे. सी मध्यें फंक्शन बोलाविण्यास फार थोडा वेळ लागतो, असें रिची सर्वांस सांगत. त्यावर विसंबून सर्वांनीं लहान लहान फंक्शनें लिहिण्यास आरंभ केला. पुढें व्हॅक्स यंत्रावर मोजून पाहतात तों निम्मा वेळ बोलावण्यांतच जात असल्याचें आढळलें! परंतु तोंपर्यंत चांगली संवय जडली होती, ती सुटली नाहीं.

ह्या भाषेचा दुसरा नियम असा कीं, फंक्शनकडे जी किंमत पाठवावयाची तिची नक्कल जाते, मूळ जात नाहीं. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करणारें फंक्शन आमचे विद्यार्थी दरवर्षीं लिहितात. आंत अदलाबदल होते, बाहेर पाहावें तर किमती जागच्या जागीं! अशा वेळीं आम्ही त्यांस सात-बाराच्या उताऱ्याची आठवण देतों. कचेरींतून आणलेल्या नकलेवर तुम्हीं कितीहि खाडाखोड केली तरी दफ्तरांतील मूळ नोंद बदलत नाहीं. ती बदलावयाची असल्यास कोणतें कपाट, कोणता खण, हा पत्ता फंक्शनला द्यावा लागतो. सी मध्यें ‘पॉइंटर’ म्हणतात तो हाच पत्ता. (ॲरेच्या बाबतींत मात्र त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ताच जातो, म्हणून तेथें मूळ बदलूं शकतें.) नियम मोठा शहाणपणाचा आहे. ज्यास आपण पत्ता दिला नाहीं तो आपल्या वस्तूस सहसा धक्का लावूं शकणार नाहीं, अशी ती हमी होय.

परंतु कराराच्या दुसऱ्या बाजूस ही भाषा आरंभीं फारच भाबडी होती. फंक्शन किती किमती मागतें व कोणत्या प्रकारच्या, आणि बोलाविणारा प्रत्यक्षांत काय देतो, ह्यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें ती पाहतच नसे. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला दशांशी संख्येऐवजीं नुसता पूर्णांक दोन दिला, तर कोणतीहि तक्रार न होतां भलतेंच उत्तर हातीं येई. म्हणून १९७८ च्या पुस्तकांत अशा ठिकाणीं संख्येचा प्रकार मुद्दाम बदलून देण्याची रीत दाखविली आहे. ही तपासणी करण्यास लिंट नांवाची निराळी आज्ञावली जॉन्सन यांस लिहावी लागली. अखेर १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकानें सी प्लस प्लस भाषेपासून ‘प्रोटोटाइप’ घेतला. म्हणजे फंक्शनच्या मागण्या प्रथमच जाहीर करावयाच्या आणि त्या पाळल्या जातात कीं नाहीं हें कंपायलरनें पाहावयाचें. १९९९ च्या प्रमाणकानें जाहीर न केलेलें फंक्शन बोलाविण्यास बंदी घातली. आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सी-२३ प्रमाणकानें जुन्या पद्धतीची व्याख्या भाषेंतून काढूनच टाकली. व्हीलरनें ज्यास वर्णन म्हटलें होतें तें यंत्रानें तपासावयाचें बंधन होण्यास अशीं कित्येक दशकें लागलीं.

हा सर्व वृत्तांत आम्हीं पुढील तासास वर्गांत सांगितला. फळ्यावर ताटांची चळतहि काढून दाखविली. ती मुलगी कांहीं वेळ विचार करीत राहिली आणि मग म्हणाली, “सर, मधल्या मध्यें कोणीं वरच्या ताटांतला पत्ता बदलला तर?”

वाचकहो, हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील संगणकांच्या जाळ्यांत कॉर्नेल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें सोडलेल्या एका आज्ञावलीनें हजारों यंत्रें निकामी करून सोडलीं. तिच्या मार्गांपैकीं एक असा होता. सी च्या संग्रहांत ‘गेट्स’ नांवाचें एक फंक्शन होतें. बाहेरून आलेली ओळ दिलेल्या जागेंत भरून ठेवणें हें त्याचें काम. परंतु ती जागा केवढी आहे हें तें कधींच विचारीत नसे. विचारण्याची सोयच त्याच्या करारांत नव्हती. ओळ प्रमाणाबाहेर लांब पाठविली कीं ती जागा भरून सांडत सांडत चळतीवरील परतीच्या पत्त्यावर जाऊन पडे. मग फंक्शन संपतांच यंत्र बोलाविणाराकडे परत न जातां घुसखोरानें सांगितलेल्या ठिकाणीं जाई, आणि तेथें ठेवलेल्या त्याच्या आज्ञा निमूटपणें पाळी. करारांतील एका उणिवेनें परतीची वाटच शत्रूच्या हातीं दिली. हें फंक्शन प्रमाणकांतून काढून टाकण्यास २०११ साल उजाडावें लागलें.

आम्हीं इतकीं वर्षें फंक्शनची व्याख्या सांगितली, परंतु त्याची जबाबदारी सांगितली नाहीं, हें ह्या प्रसंगानें आमच्या ध्यानांत आलें. एका विद्यार्थ्यानें मागें चारशें ओळींचें एकच ‘मेन’ लिहून आणलें होतें. तें बिनचूक चाललें, व आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले. दोन महिन्यांनीं त्यांत एक किरकोळ फेरफार करण्यास सांगितलें, तों त्याचें लेखन त्यालाच वाचतां येईना. त्या वेळीं आम्हीं त्याला हंसलों. खरें पाहतां दोष आमचा होता. फंक्शनें कां करावयाचीं, कोणासाठीं करावयाचीं, हें आम्हीं त्यास सांगितलेंच नव्हतें. हल्लीं तर आज्ञावल्या लिहून देणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत, आणि विद्यार्थी तीं सर्रास वापरतात. त्यांस मनाई करून उपयोग नाहीं. परंतु पुढें आलेलें फंक्शन काय मागतें, काय देतें, आणि काय विचारावयाचें विसरलें आहे, हें ओळखण्याची दृष्टि विद्यार्थ्यास त्याच्या शिक्षकानेंच दिली पाहिजे.

ह्या वर्षापासून आम्हीं त्या प्रकरणाचा आरंभ व्याख्येनें करणें सोडून दिलें आहे. पहिल्या दिवशीं आम्ही फळ्यावर ‘रिटर्न’ एवढाच शब्द लिहितों आणि “परत, पण कोठें?” असें वर्गास विचारतों. बहुतेक विद्यार्थी गप्प बसतात. बसोत. तो प्रश्न घेऊन ते घरीं गेले म्हणजे आमच्या त्या दिवसाच्या तासाचें काम झालें असें आम्ही समजतों.